दोन रॅकेट तंतोतंत सारख्या करणे : वजन, बॅलन्स आणि स्विंगवेट यांचे गणित

बेसलाइनकर

टेनिस नियमित खेळणाऱ्या बहुतेकांच्या किटमध्ये एकाच मॉडेलच्या दोन रॅकेट असतात, पण त्यांतली एकच लाडकी असते. दुसरी केवळ पहिलीची गटिंग (तारांची जाळी) तुटली की बाहेर येते. दोन्हींच्या फ्रेमवर ‘३०० ग्रॅम, ३२ सेंमी’ असेच छापलेले असते, तरीही एकीने मारलेला फोरहँड बेसलाइनच्या आत पडतो आणि दुसरीने मारलेला नेटमध्ये जातो. हा मनाचा खेळ नसतो. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या फ्रेममध्ये काही ग्रॅमचा आणि काही मिलिमीटरचा फरक चालवून घेतला जातो, आणि तो फरक टोकाकडच्या भागात असला तर मनगटाला तो पहिल्या दहा फटक्यांतच कळतो. हा फरक घरी दूर करता येतो. त्यासाठी अंदाजाने लेड टेप (शिशाची चिकटपट्टी) चिकटवत बसण्यापेक्षा बारावीच्या पदार्थविज्ञानाएवढे गणित आधी कागदावर करावे, असे माझे ठाम मत आहे, आणि त्यासाठीच हा धागा काढला आहे.

नियमांबद्दल प्रथम सांगतो, कारण क्लबात ही शंका नेहमी निघते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांनुसार रॅकेटची लांबी ७३.७ सेंमीपेक्षा आणि रुंदी ३१.७ सेंमीपेक्षा जास्त असता कामा नये. वजनाला मात्र कोणतीही मर्यादा नाही, आणि वजनाची वाटणी बदलण्यासाठी फ्रेमवर काही लावणे नियमात बसते.

हातात धरून फिरवण्याच्या दृष्टीने रॅकेटची ओळख तीन आकड्यांनी होते. पहिला आकडा एकूण वस्तुमानाचा. दुसरा बॅलन्सचा, म्हणजे बटपासून (मुठीच्या तळापासून) गुरुत्वमध्यापर्यंतच्या अंतराचा. तिसरा स्विंगवेटचा, म्हणजे बटपासून १० सेंमीवर मुठीतून आडव्या जाणाऱ्या अक्षाभोवतीच्या जडत्व आघूर्णाचा (फिरवण्याला होणाऱ्या विरोधाचा); हा आकडा किलोग्रॅम गुणिले सेंटिमीटरचा वर्ग या एककात मोजतात आणि गटिंग केलेल्या रॅकेटसाठी तो साधारण ३०० ते ३४०च्या दरम्यान असतो. छापील आकडे बिनगटिंगचे असतात हे विसरू नये. बॅबोलाट प्युअर ड्राइव्ह ही ३०० ग्रॅम आणि ३२ सेंमीची रॅकेट घेतली आणि तिच्यात साधारण १६ ग्रॅमची तार भरली, तर तारेचा गुरुत्वमध्य बटपासून सुमारे ५२ सेंमीवर येत असल्याने नवा बॅलन्स (३०० × ३२ + १६ × ५२) ÷ ३१६, म्हणजे ३३ सेंमी होतो. केवळ गटिंगने बॅलन्स एक सेंटिमीटर वर सरकतो.

आता वजन लावल्याने काय बदलते ते पाहू. बटपासून ‘अ’ सेंमी अंतरावर ‘व’ ग्रॅम लावले, तर :

नवा बॅलन्स = (जुने वजन × जुना बॅलन्स + व × अ) ÷ (जुने वजन + व)

स्विंगवेटमधील वाढ = (व ÷ १०००) × (अ − १०)²

दुसऱ्या सूत्रातला वर्ग हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे. तेच ३ ग्रॅम टोकाला, म्हणजे ६८ सेंमीवर लावले तर स्विंगवेट १०.१ने वाढते, हेडच्या (तारांच्या गोल भागाच्या) दोन्ही कडांना, घड्याळातल्या ३ आणि ९च्या जागी, म्हणजे ५३ सेंमीवर लावले तर ५.५ने वाढते, आणि बट कॅपच्या (मुठीच्या तळाच्या टोपणाच्या) आत लावले तर फक्त ०.३ने वाढते. सिंथेटिक ग्रिप काढून चामड्याची चढवल्यास वजन दहाएक ग्रॅमने वाढते आणि रॅकेट हातात बरीच भारी वाटते, परंतु ती ग्रिप १० सेंमीच्या अक्षाच्या दोन्ही बाजूंना पसरलेली असल्यामुळे स्विंगवेटमधला फरक अर्ध्या एककाच्याही खाली राहतो.

आता उदाहरण घेऊ. लाडकी रॅकेट ३१८ ग्रॅम, ३३.० सेंमी, स्विंगवेट ३१५. दुसरी ३१३ ग्रॅम, ३२.८ सेंमी, स्विंगवेट ३०५. दुसरीला पहिलीसारखे करायचे तर ५ ग्रॅम लावायचे हे उघड आहे. प्रश्न फक्त ते कुठे लावायचे एवढाच आहे. बॅलन्स जुळण्यासाठी ३१८ × ३३ मधून ३१३ × ३२.८ वजा करावे; उत्तर २२७.६ येते, त्याला ५ने भागले की ४५.५ सेंमी मिळतात. मात्र सगळे ५ ग्रॅम तिथेच लावले तर स्विंगवेट ६.३नेच वाढेल आणि आपल्याला हवे आहेत १०. म्हणून वजनाचा गुरुत्वमध्य ४५.५ सेंमीवरच ठेवून ते दोन टोकांकडे पांगवावे लागते. एक भाग टोकाला ६८ सेंमीवर ठेवायचा असे ठरवले की बाकीचे गणित आपोआप सुटते : टोकाला ३ ग्रॅम आणि ग्रिपच्या खाली १२.७ सेंमीवर २ ग्रॅम. पडताळा घ्या : वजन ३१८, बॅलन्स ३३.०, स्विंगवेट ३१५.१.

तीन अटी, तीन समीकरणे. दोन जागा आणि दोन वजने असे चार अज्ञात असल्यामुळे एक जागा आपल्या सोयीने निवडायची मोकळीक राहते, आणि बंपर गार्डच्या (टोकावरच्या संरक्षक पट्टीच्या) खाली टेप नीट बसतो म्हणून मी टोकाची जागा निवडतो.

डावखुरा_ठाणे

लेख अतिशय उपयुक्त आहे. तथापि या सगळ्याची सुरुवातच स्विंगवेटपासून होते आणि ते मोजण्याचे यंत्र माझ्या माहितीतल्या कोणत्याही गटिंगवाल्याकडे नाही. एका दुकानात मला रॅकेट हातात हलवून ‘तीनशे वीस असेल’ असे सांगण्यात आले, ज्याचा या गणिताला काहीच उपयोग नाही. घरी विश्वासार्ह मोजमाप शक्य आहे काय? शिवाय पेन्सिलीच्या कडेवर तोलून बॅलन्स पाहिला तर दर वेळी दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतात, त्यावरही उपाय सांगावा.

दोलक

दोन्ही प्रश्नांना उत्तर आहे, आणि खर्च एका चांगल्या इलेक्ट्रॉनिक काट्यापुरता आहे. निदान ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा आणि पाचशे ग्रॅम पेलणारा काटा घ्यावा. सोनाराकडे असतो तशाच प्रकारचे छोटे काटे आता सहज मिळतात.

बॅलन्ससाठी पेन्सिल सोडून द्या. रॅकेटचे बटकडचे टोक एका स्थिर कडेवर टेकवा आणि हेडचे टोक काट्यावर ठेवलेल्या दुसऱ्या कडेवर टेकवा; उभी धरलेली पोलादी पट्टी ही कड म्हणून उत्तम काम देते. रॅकेट पूर्ण आडवी हवी. दोन कडांमधले अंतर ६८ सेंमी असेल आणि काटा १५४.३ ग्रॅम दाखवत असेल, तर बॅलन्स = १५४.३ × ६८ ÷ ३१८ = ३३.० सेंमी. काट्यात ०.१ ग्रॅमची चूक झाली तरी बॅलन्समध्ये ०.२ मिलिमीटरचाच फरक पडतो, जो पेन्सिलीने कधीच साधणार नाही.

स्विंगवेटसाठी रॅकेटला दोलक बनवायचे. टेबलाच्या कडेला दोन बारीक सळया एकमेकींना समांतर आणि एका पातळीत घट्ट बसवा, त्यांची टोके बाहेर आलेली ठेवा आणि रॅकेट उलटी, म्हणजे मूठ खाली करून, हेडच्या वरच्या भागातली एखादी आडवी तार त्या दोन सळयांवर टेकेल अशी टांगा. मग मुठीला हलकेच धक्का द्या, रॅकेट पुढे-मागे झुलू द्या (आडवी-तिरकी नव्हे) आणि ५० दोलनांचा वेळ मोजा. सूत्र असे :

टांगलेल्या अक्षाभोवतीचे जडत्व आघूर्ण = वजन × गुरुत्वत्वरण × द × (दोलनकाल)² ÷ ३९.४८

इथे वजन किलोग्रॅममध्ये घ्यायचे, आणि ‘द’ म्हणजे टांगलेल्या तारेपासून गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर. त्यानंतर समांतर अक्षांच्या प्रमेयाने अक्ष मुठीकडे न्यायचा : आधी वजन × द² वजा करायचे आणि मग वजन × (बॅलन्स − १०)² मिळवायचे.

वरच्याच रॅकेटचे आकडे घेऊन करून दाखवतो. तार बटपासून ६० सेंमीवर आहे, म्हणून द = २७. पन्नास दोलनांना ६६.७ सेकंद लागले, म्हणजे दोलनकाल १.३३४ सेकंद. ०.३१८ × ९७८.५ × २७ × १.७७९६ ÷ ३९.४८ = ३७८.७. त्यातून ०.३१८ × ७२९ = २३१.८ वजा केले की १४६.९ उरतात, हे गुरुत्वमध्याभोवतीचे जडत्व आघूर्ण झाले. त्यात ०.३१८ × २३² = १६८.२ मिळवले की स्विंगवेट ३१५.१ येते.

मी गुरुत्वत्वरण ९८१ घेतलेले नाही, हे मुद्दाम सांगतो. पुस्तकातला ९८१ हा आकडा आपल्यापेक्षा बऱ्याच उत्तरेकडच्या अक्षांशांना लागू पडतो. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर ते प्रति सेकंद वर्ग ९७८.५ सेंमीच्या आसपास आहे. ९८१ घेतले तर उत्तर जवळजवळ एका एककाने फुगते. दोन रॅकेट घरच्या घरीच एकमेकींशी जुळवायच्या असतील तर ही चूक दोन्हींत सारखीच शिरते आणि फारसे बिघडत नाही, पण परदेशी यंत्रावर मोजलेल्या आकड्याशी तुलना करायची असेल तर ती टाळलीच पाहिजे.

आता कोणत्या मोजमापाला किती जपायचे ते पाहू. पन्नास दोलनांत ०.१ सेकंदाची चूक झाली तर उत्तर सुमारे एका एककाने हलते. बॅलन्समध्ये एक मिलिमीटरची चूक झाली तर पावणेदोन एककांनी हलते, म्हणून काट्याची पद्धत आधी सांगितली. झोका मोठा असला तर दोलनकाल वाढतो. दहा अंशांच्या झोक्याने जवळजवळ दीड एककाची भर पडते, म्हणून तो पाच अंशांच्या आतच ठेवावा आणि पंखा बंद करावा. स्टॉपवॉच सुरू करताना ‘एक’ म्हणू नये, ‘शून्य’ म्हणावे. पन्नासाऐवजी एकोणपन्नास दोलने मोजली गेली तर स्विंगवेटमध्ये पंधराएक एककांची तूट येते आणि मग माणूस निष्कारण फ्रेमला दोष देत बसतो.

डावखुरा_ठाणे

दोलक यांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही रॅकेट मोजल्या. योगायोग असा की माझी चांगली रॅकेट धाग्यातल्या उदाहरणासारखीच, ३१८ ग्रॅम, ३३.० सेंमी आणि ३१५ अशी आली. दुसरी ३१४ ग्रॅम, ३२.६ सेंमी आणि ३०६ आहे. बेसलाइनकर यांच्या पद्धतीने समीकरणे मांडली तर ४ ग्रॅम ६४.४ सेंमीवर लावावे लागतात. तिथे लावल्यास स्विंगवेट ११.८ने वाढते, मला मात्र ९नेच वाढवायचे आहे. वजन दोन भागांत पांगवले तर ते आणखीच वाढते. मग हे कोडे सुटणार कसे?

बेसलाइनकर

हा प्रश्न आला याचा आनंद वाटतो, कारण बहुतेक ठिकाणी हा भाग वगळला जातो.

ठरावीक वजन आणि त्याचा ठरावीक गुरुत्वमध्य दिला असेल, तर ते सगळे एकाच जागी लावल्याने स्विंगवेटमध्ये जी वाढ होते ती शक्य असलेल्यांपैकी सर्वांत कमी असते. पांगवल्याने ती वाढतच जाते, कमी कधीच होत नाही. तुमच्या बाबतीत ती किमान वाढच गरजेपेक्षा २.८ने जास्त आहे. म्हणजे केवळ दुसऱ्या रॅकेटवर वजन लावून पहिलीची बरोबरी साधणे गणितानेच अशक्य आहे. अशा वेळी टेपचे तुकडे मिलिमीटरने सरकवत संध्याकाळ घालवण्यात अर्थ नसतो. मी पाहिले आहे की अनेकजण इथे वजन आणि बॅलन्स जुळवून समाधान मानतात, आणि फिरवताना सर्वांत जास्त जाणवणारा तिसरा आकडा चुकीचाच राहतो.

फ्रेममधून वजन काढता येत नाही, म्हणून उपाय एकच उरतो : लक्ष्य हलवायचे. चांगल्या रॅकेटलाही थोडे वजन द्यायचे, पण ते अशा जागी की तिचे स्विंगवेट जवळजवळ तसेच राहील. ती जागा म्हणजे बट. पहिलीच्या बट कॅपमध्ये २ ग्रॅम टाका. ती आता ३२० ग्रॅम, ३२.८ सेंमी आणि ३१५.२ झाली. दुसरीला आता ६ ग्रॅम हवेत, त्यांचा गुरुत्वमध्य ४२.९ सेंमीवर हवा आणि स्विंगवेटमध्ये ९.२ची वाढ हवी. एकाच जागी लावले तर वाढ ६.५ होते, म्हणजे पांगवायला वाव मिळाला. टोकाची जागा ६८ सेंमी धरून सोडवल्यास उत्तर येते ते असे : टोकाला २.५ ग्रॅम आणि बटपासून २५ सेंमीवर, मुठीच्या जरा वर जिथे थ्रोट (हेडकडे जाणारे दोन दांडे) फुटायला लागतो तिथे, ३.५ ग्रॅम.

पडताळा : २.५ × ६८ + ३.५ × २५ = २५७.५, आणि ३१४ × ३२.६ मध्ये तो मिळवून ३२०ने भागले की ३२.८ सेंमी. स्विंगवेट ३०६ + ८.४ + ०.८ = ३१५.२. तिन्ही आकडे जुळले.

पहिल्या रॅकेटला दोन ग्रॅम जड केल्याचे वाईट वाटून घेऊ नये. बटमधले दोन ग्रॅम फटक्यात जाणवत नाहीत.

टॉपस्पिन_आई

माझी मुलगी १४ वर्षांची आहे आणि २७० ग्रॅमच्या रॅकेटवरून नुकतीच ३०० ग्रॅमच्या रॅकेटवर आली आहे. बालेवाडीला सराव करणाऱ्या काही मुलांनी रॅकेटच्या टोकाला टेप लावलेला तिने पाहिला आणि ‘त्याने पॉवर येते’ असे तिचे म्हणणे आहे. तिच्या प्रशिक्षकांचे मत मात्र वजन मुठीत वाढवावे असे आहे. दोन्ही बाजूंना काही भौतिक आधार आहे काय? शिवाय या वयात हे करावे काय, असाही माझा प्रश्न आहे.

दोलक

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येते. चेंडू तारेवर आदळण्याचा काळ काही सहस्रांश सेकंदांचाच असतो, आणि तेवढ्यात हात फारसा काही करू शकत नाही. चेंडूच्या दृष्टीने रॅकेट जवळजवळ मोकळीच असते. म्हणून चेंडूला रॅकेटचे पूर्ण वजन जाणवत नाही, आघाताच्या जागेचे प्रभावी वजन जाणवते. ते असे काढतात :

१ ÷ प्रभावी वजन = १ ÷ एकूण वजन + (आघाताचे गुरुत्वमध्यापासूनचे अंतर)² ÷ गुरुत्वमध्याभोवतीचे जडत्व आघूर्ण

आपल्या ३१८ ग्रॅमच्या रॅकेटवर चेंडू हेडच्या मध्यभागी, ५३ सेंमीवर बसला, तर प्रभावी वजन १७० ग्रॅम येते. नियमातल्या चेंडूचे वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम असते, म्हणजे टक्कर साधारण तीनास एक अशी होते. चेंडू जरा वर, ६० सेंमीवर बसला, तर प्रभावी वजन १२३ ग्रॅमच उरते. टोकाकडे बसलेला फटका मेल्यासारखा का लागतो त्याचे कारण यात आहे.

आता वजन लावून पाहा. बटमध्ये १० ग्रॅम लावले तर मध्यभागातले प्रभावी वजन १७०.४ वरून १७०.९ होते, दहा ग्रॅम खर्चून अर्धा ग्रॅम मिळाला. कडांवर ३ आणि ९च्या जागी मिळून ४ ग्रॅम लावले तर ते १७४.४ होते, कारण आघाताच्याच रेषेत लावलेले वजन पूर्णच्या पूर्ण कामी येते. टोकाला ३ ग्रॅम लावले तर ते १७५.८ होते. म्हणून मुलीचे म्हणणे अगदीच निराधार नाही. मात्र या वाढीची किंमत स्विंगवेटमध्ये मोजावी लागते : कडांवरच्या ४ ग्रॅमने ते ७.४ने वाढते, टोकाच्या ३ ग्रॅमने १०.१ने. भागाकार करून पाहिला तर स्विंगवेटच्या दर एककामागे मध्यभागात मिळणारे प्रभावी वजन दोन्ही जागी जवळजवळ सारखेच, अर्ध्या ग्रॅमच्या थोडे वर आहे. सिडनी विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ रॉड क्रॉस यांनी माणसांकडून वेगवेगळ्या वजनांचे दांडे फिरवून घेऊन जे प्रयोग केले, त्यांतही फिरवण्याचा वेग एकूण वजनापेक्षा जडत्व आघूर्णाशी बांधलेला दिसला. तेव्हा टोकाच्या टेपने जी ताकद येते तिच्यातला काही भाग हात हळू फिरल्यामुळे परत जातो.

कडांवरच्या टेपचा खरा फायदा वेगळाच आहे. चेंडू मध्यरेषेच्या डावी-उजवीकडे बसला की रॅकेट मुठीत वळते, आणि त्या वळण्याला विरोध करणारे जडत्व आघूर्ण अवघे १३-१४ एकक असते. कडा मध्यरेषेपासून सुमारे १३ सेंमीवर असल्यामुळे तिथले ४ ग्रॅम त्यात ०.७ची भर घालतात. म्हणजे स्विंगवेट सव्वादोन टक्क्यांनी वाढते आणि वळण्याचा विरोध पाच टक्क्यांनी. व्हॉली करणाऱ्यांना हा सौदा फायद्याचा आहे.

फिजिओ_नाशिक

टॉपस्पिन_आई यांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझ्या व्यवसायाच्या अनुभवावरून लिहिते. २७० वरून ३०० ग्रॅमवर येणे हाच त्या वयाच्या खांद्यासाठी मोठा बदल आहे, आणि त्यावर लगेच टेपची भर नको. भार वाढला तर सर्व्हिसमध्ये त्याचा हिशेब खांद्याला चुकवावा लागतो, आणि वाढत्या वयात तिथल्या तक्रारी चिवट असतात. निदान एक पूर्ण हंगाम त्याच रॅकेटवर काढावा आणि सामन्याच्या तिसऱ्या सेटमध्येही सर्व्हिसची लय टिकते आहे असे प्रशिक्षकांना दिसल्यावरच पुढचा विचार करावा. ज्यांना कोपराचा त्रास आहे अशा प्रौढांची गोष्ट थोडी निराळी आहे. फार हलकी रॅकेट आघाताच्या वेळी जास्त मागे हटते आणि मनगटाला जास्त झटका देते, त्यामुळे काहींना थोडी जड रॅकेट मानवते. पण हा निर्णय हात तपासून घ्यावा, वाचून नव्हे.

बेसलाइनकर

फिजिओ_नाशिक यांच्याशी पूर्ण सहमत आहे. टॉपस्पिन_आई, तिच्याकडे दोन रॅकेट असतील तर त्या एकमेकींशी जुळवून देणे एवढेच आत्ता करावे. जुळवताना लागणारे तीन-चार ग्रॅम तिच्या वाट्याला नवा भार म्हणून येत नाहीत, कारण लक्ष्य तिची आत्ताची सवयीची रॅकेटच असते.

प्रशिक्षकांच्या मुठीतल्या वजनाच्या सल्ल्याबद्दल मात्र आणखी सांगण्यासारखे आहे. विल्सनची २०१४ सालची प्रो स्टाफ आरएफ ९७ पाहा : गटिंगशिवाय ३४० ग्रॅम, पण बॅलन्स ३०.५ सेंमी. वजन भरपूर, तरी गुरुत्वमध्य मुठीकडे. अशा बांधणीचा संबंध लावण्यासाठी परदेशी चर्चांत एक गुणोत्तर फार वापरले जाते : वजन, गुरुत्वत्वरण आणि बॅलन्स यांचा गुणाकार भागिले बटच्या टोकाभोवतीचे जडत्व आघूर्ण. आपल्या ३१८ ग्रॅमच्या रॅकेटसाठी हे १०२६८ ÷ ४९३, म्हणजे २०.८ येते. ते २१च्या जवळ असावे, म्हणजे फोरहँडला हात आणि रॅकेट एका लयीत येतात, असा अनेकांचा दावा आहे.

दोलक

गणित बरोबर आहे, दाव्याबद्दल मात्र मी साशंक आहे. ते गुणोत्तर म्हणजे रॅकेट बटपाशी टांगली तर ती किती झपाट्याने झुलेल याचे माप आहे. प्रत्यक्ष फोरहँडमध्ये रॅकेट गुरुत्वाकर्षणाने झुलत नाही. खांदा, दंड आणि मनगट यांचे स्नायू तिला गुरुत्वाकर्षणाच्या कितीतरी पट जोराने खेचतात. तेव्हा गुणोत्तरातला गुरुत्वत्वरणाचा आकडा हा केवळ स्थिरांक आहे, त्याला स्वतःचे काही महत्त्व नाही. उरतो तो वजन × बॅलन्स आणि जडत्व आघूर्ण यांचा संबंध. हात आणि रॅकेट हा दुहेरी दोलक (एका दोलकाला जोडलेला दुसरा दोलक) आहे हे मान्य केले तर तो संबंध उपयोगी आहेच, परंतु सगळ्यांना २१च लागू पडेल असे मानायला हातांची लांबी आणि फटक्यांची ढब सारखी असावी लागेल, आणि ती तशी नसते.

तरीही या गुणोत्तरातून एक नेटका निष्कर्ष निघतो, तो सांगतो. बटपासून कोणत्या जागी लावलेले वजन ते गुणोत्तर वाढवते आणि कोणत्या जागी घटवते, हे काढता येते. सीमारेषा ९७८.५ ÷ २०.८, म्हणजे ४७ सेंमीवर आहे. त्याच्या वर लावलेले वजन गुणोत्तर कमी करते, खाली लावलेले वाढवते. सर्वांत जास्त वाढ बरोबर अर्ध्या अंतरावर, २३.५ सेंमीवर होते. ही जागा म्हणजे ग्रिप संपते त्याच्या जरा वरचा भाग. बटमध्ये लावलेल्या वजनाने गुणोत्तर जवळपास हलतच नाही. म्हणून ‘मुठीत वजन वाढवा’ असा सल्ला अमलात आणायचा असेल तर ते वजन मुठीच्या तळाला टाकणे आणि मुठीच्या वरच्या टोकाला टाकणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. २३.५ सेंमीवर ८ ग्रॅम लावले तर आपल्या रॅकेटचे गुणोत्तर २०.८ वरून २१.० होते आणि स्विंगवेटमध्ये दीड एककाचीही भर पडत नाही.

बेसलाइनकर

आक्षेप रास्त आहे. मीही २१ हा नियम म्हणून सांगत नाही. ज्यांचा फोरहँड उशिरा येतो त्यांनी मुठीच्या वर आठ ग्रॅम तात्पुरते बांधून पाहावेत आणि उपयोग झाला तरच ठेवावेत, एवढीच त्याची जागा आहे.

आता चिकटवण्याबद्दल. लेड टेपची जाडी निरनिराळी असते, म्हणून पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नये. तुकडा कापून काट्यावर ठेवावा आणि कात्रीने बारीक कमी करत आणावे. आतला कागद न काढता वजन केले तर ते जास्त भरते, हेही ध्यानात ठेवावे. कायम चिकटवण्याआधी तुकडे साध्या चिकटपट्टीने जागेवर बसवावेत, पुन्हा टांगून दोलनकाल मोजावा आणि उत्तर कागदावरच्या उत्तराशी एका-दीड एककात जुळले तरच पक्के करावे. टोकाला बंपर गार्ड उचलता येत असेल तर टेप त्याच्या आत जावा. नाहीतर कोर्टवर घासून दोन आठवड्यांत कडा निघतात.

शिसे विषारी आहे. उघड्या टेपवर हात घासत खेळू नये, कापल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि लहान मुले रॅकेट हाताळत असतील तर टेप झाकलेलाच असावा किंवा टंगस्टनचा वापरावा. बट कॅपच्या पोकळीत वजन टाकताना ते आत खडखडणार नाही याची खात्री करावी. चिकट पुट्टीच्या गोळीत टेपचा तुकडा गुंडाळून दाबला की ते जागेवर राहते.

डावखुरा_ठाणे

लक्ष्य हलवण्याची युक्ती लागू पडली. पहिलीच्या बटमध्ये २ ग्रॅम, दुसरीच्या टोकाला २.५ आणि थ्रोटपाशी ३.५ ग्रॅम लावले. काट्यावर दोन्ही ३२० ग्रॅम, आणि दोलनांवरून स्विंगवेट ३१५ व ३१६ आले. काल दोन सेट खेळताना मध्येच रॅकेट बदलली तेव्हा सर्व्हिसच्या टॉसपासून काहीही वेगळे करावे लागले नाही. एक शंका उरली आहे. ठाण्याच्या पावसाळी हवेत माझी ओव्हरग्रिप (मूळ ग्रिपवर गुंडाळलेली पातळ पट्टी) एका सेटमध्ये घामाने ओली होते. हे वजन हिशेबात धरायचे काय?

दोलक

धरू नये. ओव्हरग्रिप आणि तिच्यातला घाम हे दोन्ही अक्षाच्या आसपासच असतात, म्हणून तीन ग्रॅम घाम मुरला तरी स्विंगवेट ०.१च्या आतच हलते. बॅलन्स मात्र दोनेक मिलिमीटर मुठीकडे सरकतो. मोजताना दोन्ही रॅकेटवर एकाच प्रकारची, कोरडी, नवी ओव्हरग्रिप असावी. गटिंगही दोन्हींना एकाच तारेची आणि एकाच जाडीची असावी, कारण तारेच्या वजनातला एका ग्रॅमचा फरक ५२ सेंमीवर बसतो आणि स्विंगवेट पावणेदोन एककांनी हलवतो. डॅम्पनर (तारांची थरथर कमी करणारा छोटा तुकडा) वापरत असाल तर दोन्हींना लावूनच मोजा. तो दोन ग्रॅमचा असला तर साधारण दीड-पावणेदोन एककांचा फरक पाडतो.